चुनखडीच्या पट्ट्यातली आंब

करमाडच्या शेतातल्या चुनखडीच्या पट्ट्यात कडूबानं दरसाल खत ओतलं आणि दरसाल पीक पिवळं पडलं. यंदा विद्यापीठात शिकणाऱ्या पुतणीनं, रूपानं, तिथं खत न घालता हरभरा पेरला. तिचं म्हणणं असं, की जुनं खत मातीत आहेच, चुन्यानं ते घट्ट धरून ठेवलंय. हरभऱ्याचं मूळ आंबट रस सोडून ते मोकळं करून घेतं. हरभरा तरारला होता, पण त्याचं श्रेय कडूबा थंडीला देत होता. ढाबेवाला रामकिसन गाड्या लावायला तोच पट्टा मागत होता आणि संध्याकाळी जबाब घ्यायला येणार होता.

रूपानं डबीतली जांभळी जेली पुढं केली. आंबट लागलं की ती पिवळी होते, हे चुलत्याला समजावलं. हरभऱ्याच्या पानावर आंब, म्हणजे आंबट रस, असते हे त्यालाही ठाऊक होतं, म्हणून सोपं आधी, असं म्हणत तिनं पानं टेकवली. जेली जांभळीच राहिली.

“पानालाच आंब नाय, तर मुळाला कुठली?” म्हणत कडूबानं रामकिसनला होकार कळवायला फोन काढला.

रूपाचा चेहरा उतरला. तेवढ्यात तिला कुंपणावर वाळत घातलेलं धोतराचं फडकं दिसलं आणि चुलतीनं, आवडाबाईनं, हातातली बाटली पदराआड केली. पहाटेच्या दवात हरभऱ्यावर फडकं फिरवून आंब पिळायची, हा तिचा दर हिवाळ्याचा उद्योग. पोट दुखलं की सगळी आळी तिच्याकडं येते. पट्ट्यातली आंब लई झणझणीत निघाली, म्हणून आज तिनं पानं दोनदा पुसून काढली होती. रूपानं ओलसर फडकं जेलीला लावलं. ठिपका पिवळा झाला.

“काकू, माझा प्रयोग बाटलीत भरलास व्हय?”

“वरवरचाच घेतला, बाई. मुळापर्यंत माझं फडकं जात नाय.”

रूपानं एक रोप अलगद उपटलं, मूळ धुऊन जेलीवर निजवलं. चहा झाला. कडूबाचा चहा मात्र निवून गेला, कारण तो डबीपासून हलेना. मुळाच्या कडेनं पिवळी रेघ उमटली आणि हळूहळू रुंदावली.

रामकिसन आला तेव्हा कडूबा बांधावरच उभा होता.

“जागा रिकामी नाय, रामकिसन. खाली काम चालू हाय.”

रामकिसन हिरमुसला. आवडाबाईनं बाटली त्याच्या हातात दिली आणि ढाब्यावर जेवून ज्यांचं पोट दुखेल त्यांना चमचाभर द्यायला सांगितलं.