टेबलाच्या छातीतला गाळ

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर महाराज रांगेतल्या एकेकाच्या छातीला काढा चोळत आणि वर ओलं पांढरं कापड ठेवत. बघता बघता कापड काळं पडे.

"मोरी तुंबली तर भिंत फोडतो का आपण? गाळ काढतो. हा घ्या गाळ," असं म्हणून ते कापड फडकवत. लोक हात जोडत.

त्या रांगेत माझा थोरला भाऊ होता. दादा धंद्याने शिंपी. त्याच्या हृदयाची एक रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली होती. बारीक तार आरपार घालून वाट करू, तिथे औषध लावलेला स्टेंट बसवू, औषध हळूहळू झिरपतं, त्यामुळे ती वाट सहसा पुन्हा बुजत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. दादाने त्या तारेचीच धास्ती घेतली.

त्याचं कापड काळंकुट्ट निघालं. महाराजांनी घरी लावायला काढा आणि कापडं दिली, गोळ्या सोडायला सांगितल्या, विश्रांती सांगितली. दादा जिनाही उतरेना. छातीत दुखायचं थांबलं. वहिनी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. तिने कानीकपाळी ओरडून सांगितलं, मीही सांगितलं. पण त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग झटका आला. बंद वाहिनीच्या भागाला शेजारची वाहिनी चोरवाटांनी रक्त पुरवत होती, तीच तुंबली. डॉक्टरांनी आधी ती उघडली, पुढे जुनीही उघडून स्टेंट बसवला. पण हृदयाचा एक भाग मेला तो मेलाच. हे ऐकून वहिनीने एवढंच विचारलं, की जेवायला काय द्यायचं. मी खिडकीबाहेर गाड्या बघत होतो. रडू आलं नाही. काहीच आलं नाही.

घरी आल्यावर दादाने विचारलं, "मग कापडावर आलं ते काय होतं?"

वहिनीने काढा जेवणाच्या टेबलावर चोळला, महाराजांचं कापड ओलं करून वर ठेवलं. काळं झालं.

"काढ्यात चहासारखा तुरट अर्क आहे, कापड लोखंडाच्या क्षारात भिजवून वाळवलंय," ती म्हणाली. "दोन्ही ओली एकत्र आली की शाई होते. आणि दुखायचं थांबलं, कारण तुम्ही चालायचं थांबलात."

"हे आधी का नाही दाखवलंस?"

"दाखवते म्हणत होते. तुम्ही कापडाला हात लावू दिला नाहीत."

दादा बराच वेळ बोटाने तो डाग पुसत राहिला.

महाराजांच्या पुढच्या सभेला तो धापा टाकत व्यासपीठावर चढला. काढा त्यांच्याच टेबलावर चोळला, त्यांचंच कापड ठेवलं आणि काळं झाल्यावर उचलून धरलं. महाराज नास्तिकांच्या कावेबाजपणावर बोलू लागले. काही लोक उठले, काही रांगेतच उभे राहिले. दादा त्या उरलेल्यांशी बोलला, हळू आवाजात.

"छातीत दाबल्यासारखं झालं तर दवाखाना गाठा. डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. कुणी चमत्कार दाखवला, तर तोच टेबलावर करून दाखवायला सांगा. मी तसं सांगितलं नव्हतं. माझ्या हृदयाचा एक भाग आता चालत नाही."