दोन ठोके

मी एक जुना बास ड्रम आहे, मित्रांनो. जुना म्हटलं म्हणून लगेच कीव करू नका. माझ्या अंगावरचा लाल रंग अजून शाबूत आहे आणि माझ्या आवाजाने आजही समोरच्या घरांची तावदानं थरथरतात. मँचेस्टरजवळच्या एका लहानशा गावातल्या बँडमध्ये मी राहतो. बँड लष्करी थाटाचा, पण त्यात सैनिक कोणीच नाही. शिक्षक, नर्स, ट्रामचे ड्रायव्हर, निवृत्त मंडळी, सगळे हौशी. पगार कोणालाच नाही, शिस्त मात्र पलटणीची.

एका सुताराने लाकूड वाफेवर वाकवून मला गोल केलं, दोन्ही तोंडांवर कातडं चढवलं आणि दोरीने असं करकचून आवळलं की विचारू नका. तेव्हा मला त्याचा राग आला होता. पुढे कळलं, ढिला पडलो की मी ओल्या गादीसारखा वाजतो. आता कातड्याच्या जागी प्लॅस्टिक आलं आहे. मला ते पसंत नाही, पण पावसात भिजत नाही हे खरं.

किती मिरवणुका केल्या, किती महापौरांचं स्वागत केलं, त्याचा हिशेब मी ठेवला नाही. लोक टाळ्या वाजवत आणि मी फुगून जात असे. मग वाजवणारे कमी झाले. चर्चच्या हॉलमागच्या कपाटात, घडीच्या खुर्च्यांखाली मला कोंबलं गेलं. माझ्यावर नाताळचं प्लॅस्टिकचं झाड ठेवलं होतं. हा अपमान मी अजून विसरलेलो नाही.

तिथून मला उदयकाकांनी काढलं. सहा फूट उंच, शांत माणूस. त्यांनी मला पुसलं, दोऱ्या बदलल्या आणि अनेक वर्षं छातीवर वागवलं. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं, आणि त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर मला तनयाच्या गळ्यात घातलं.

तनया हॉस्पिटलात एक्स-रे काढते. चणीने लहान. जन्म लंडनमधल्या वेम्बलीचा, त्यामुळे मराठी बोलताना ‘गेला’-‘गेली’ची गल्लत ठरलेली, आणि लहानपणापासून तिथल्या गणपतीत ढोल वाजवलेला. हात दमदार. पण मित्रांनो, ढोल वेगळा आणि मी वेगळा.

आमच्याकडे एक रीत आहे. चालत्या बँडचं वाजवणं थांबवायचं असेल तेव्हा सर्वांत पुढे असलेला ड्रम मेजर आपला चांदीच्या मुठीचा दंड उंचावतो. मागच्या सगळ्यांना तो दिसेलच असं नाही. म्हणून मी लागोपाठ दोन जोरदार ठोके देतो. ते ऐकले की सगळी वाद्यं एकदम गप्प होतात, आणि फक्त एक छोटा ड्रम टिक टिक करत पाऊल सांभाळतो. बँड सुरू कोणीही करून देईल. थांबवण्याचा मान माझा.

सप्टेंबरच्या तालमीत तनया रंगात आली. ढोलाची सवय उसळली आणि भर धुनेत तिने दोन ठोके घणाघाती हाणले. झालं. चाळीस माणसं जागच्या जागी मुकी. एका ट्रॉम्बोनवाल्याला हसू आवरेना.

आमचा ड्रम मेजर प्रबुद्ध मात्र हसला नाही. "तनया, ही गणपतीची मिरवणूक नाहीये," तो म्हणाला.

"सॉरी सर. माझा हात आपोआप गेली."

"नोव्हेंबरात रिमेम्ब्रन्स संडेला आपल्या मागे म्हातारे सोल्जर्स चालणार आहेत. परत असं झालं तर ड्रम दुसऱ्या कोणाला तरी द्यावा लागेल. नथिंग पर्सनल."

"अरे, शिकेल ती. माझा शब्द आहे," उदयकाका म्हणाले. प्रबुद्धने मान हलवली, पण त्याचा विश्वास बसला नव्हता. मला असली माणसं लगेच कळतात.

युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा, नोव्हेंबरातला तो रविवार उजाडला. थंडी अशी की माझ्या दोऱ्याही आखडल्या होत्या. छातीवर पॉपीची लाल कागदी फुलं लावलेले लोक दुतर्फा उभे. आम्ही युद्धस्मारकाकडे निघालो. तनया एकेक ठोका मोजून मापून देत होती. तिचं काळीज माझ्या पट्ट्याखाली होतं, आणि ते माझ्यापेक्षा जोरात वाजत होतं.

वळण आलं. डावीकडे बंदोबस्तावरच्या एका पोलीस स्वाराचा तरुण घोडा उभा होता. प्रबुद्ध पुढे गेला, तेव्हा घोडा गरीब दिसत होता. आमच्या झांजा त्याच्या कानाशी कडाडल्या आणि तो बिथरला. कान मागे, डोळे पांढरे. मागे मागे सरकत तो फुटपाथवर चढला. तिथे एक बाबागाडी होती. बाळाच्या आईला गर्दीमुळे हलता येईना.

प्रबुद्धला हे दिसणं शक्य नव्हतं. ड्रम मेजर मागे वळून पाहत नसतो. तनयाला दिसलं. दंड खाली होता. खूण नव्हती.

मला हात असते तर मी स्वतःच ठोके दिले असते. मी काय, वाजवणाऱ्याच्या भरवशावर जगणारा. एक पाऊल गेलं. दुसरं गेलं. आणि मग तिने माझ्यावर लागोपाठ दोन ठोके हाणले.

बँड गप्प झाला. नुसती पावलं आणि ती टिक टिक. पुढच्या रांगेतल्या ट्रॉम्बोनवाल्याने खांदे उडवले. घोडा थरथरत उभा राहिला, स्वाराने लगाम आवरला, आणि कोणीतरी बाबागाडी आत ओढून घेतली. आम्ही पुढे गेलो. थोड्या अंतरावर प्रबुद्धने मागे न पाहता पुन्हा सुरू करण्याची खूण केली. त्याची मान ताठ होती. स्मारकापाशी त्याने दंड उंचावला, तेव्हा तनयाने नेमके दोन ठोके दिले आणि शांतता वेळेवर झाली.

हॉलच्या अंगणात तो सरळ आमच्याकडे आला. उदयकाका पुढे होऊन काही बोलू लागले.

"काका, थांबा जरा. तिला सांगू दे."

"तुम्ही सिग्नल दिला नव्हता, आय नो," तनया म्हणाली. "पण घोडा पेव्हमेंटवर आली होती. आणि तिथे बाळ होता, सर."

"कुठे?"

"वळणावर. तुमच्या मागे."

प्रबुद्धने माझ्याकडे आणि तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "पट्टा काढ."

तिने मान खाली घालून मला उतरवलं. मला फार वाईट वाटलं. पुन्हा ते कपाट, पुन्हा त्या खुर्च्या, आणि हिच्यानंतर कोण? तिला रडू फुटणार हे मला दिसत होतं.

प्रबुद्धने खिशातून चाकू काढला आणि पट्ट्याला नवीन भोक पाडायला सुरुवात केली. पट्टा उदयकाकांच्या मापाचा होता. मी इतके दिवस तिच्या गुडघ्यांवर आपटत होतो, आणि तिने चकार शब्द काढला नव्हता.

"हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं," तो खाली बघतच म्हणाला. "मला वाटलं, तू राहणार नाहीस. आय अ‍ॅम सॉरी. आता घालून बघ."

तिने घातला. मी बरोबर तिच्या छातीशी आलो.

मित्रांनो, जुन्या वाद्यांना कपाटात कोंबू नका, एवढं तर मी मागणारच. पण ज्याच्या गळ्यात आम्हाला घालता, त्याच्या मापाचा पट्टा पहिल्याच दिवशी करा. त्याची परीक्षा होईपर्यंत थांबू नका.