पायाखालचा परीक्षक

मी ट्यूनर बोलतोय. माझं नाव तुम्ही ऐकलं नसेल तर त्यात नवल नाही. गाणाऱ्याचं तोंड सगळे बघतात, वाजवणाऱ्याची बोटंही एखादा बघतो, पण त्याच्या पायाशी काय आहे हे बघायला खाली कोण वाकतं? तिथे असतो मी. साबणाच्या वडीएवढी लोखंडी डबी, वर एक बटण आणि दिव्यांची एक रांग. गिटारची वायर माझ्यात शिरते आणि माझ्यातून निघून स्पीकरच्या पेटीत जाते. बटणावर पाय दिला की गिटारचा आवाज बाहेर जायचा थांबतो आणि माझे दिवे लागतात. तार उतरलेली असेल तर डावीकडे लाल, चढलेली असेल तर उजवीकडे लाल, नेमकी लागली तर मधोमध हिरवा. पुन्हा पाय दिला की मी विझतो आणि आवाज सुरू होतो.

काम एवढंच. पण स्टेजवर खरं बोलणारा मी एकटाच होतो, हे आधीच सांगून ठेवतो. बाकीचे टाळ्यांसाठी उभे असायचे.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईंनी भिंगातून बघत माझ्या पोटातल्या तारांना कथलाचे डाग दिले. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाने मला एक सूर ऐकवला, माझा हिरवा दिवा बघितला आणि मान डोलावली. त्या एका मान डोलावण्यावर मी आयुष्यभर नाकाने कांदे सोलले. का सोलू नयेत? माझ्यापुढे जे जे आले ते त्याच लायकीचे होते.

मला विकत घेतलं एका दाताच्या डॉक्टरने. तो एका बँडमध्ये गिटार वाजवायचा. दुसऱ्यांची गाजलेली गाणी जशीच्या तशी वाजवणारा बँड, असं ते सांगायचे. जशीच्या तशी! त्या गाण्यांच्या मूळ मालकांनी ती ऐकली असती तर ओळखही दिली नसती. डॉक्टरच्या पायाशी माझ्यासारख्या डब्यांची फौज होती. एक आवाज फाडायची, एक तो घुमवायची, एकीमुळे गिटार विहिरीत पडल्यासारखी वाटायची. नवी डबी घेतली की बोटं आपोआप शहाणी होतील अशी या गृहस्थाची समजूत. दिवसभर लोकांचे दात उपटायचे आणि त्या पैशांतून डब्या आणायच्या.

तो माझ्यावर पाय द्यायचा आणि मी लाल दिवा दाखवायचो. तो खुंटी पिळायचा, मी दुसऱ्या बाजूचा लाल दाखवायचो. शेवटी एके दिवशी तो वैतागून म्हणाला, "बिघडलाय हा." मी बिघडलोय! त्याने मला उचललं आणि शेजारी उभ्या असलेल्या बेस गिटारवाल्याच्या हातात कोंबलं. "घे तुला. तुझं तसंही कुणाला ऐकू येत नाही."

मग त्याने माझ्याहून महागडा ट्यूनर आणला. तोही लालच दाखवायला लागला. तेव्हापासून डॉक्टर डोळे मिटून वाजवतो, आणि लोकांना वाटतं की तो तल्लीन झालाय.

माझा नवा मालक चश्मेवाला होता. पुढे दुकान, पडद्यामागे काचा घासायचं मशीन आणि त्याच्यामागे राहायच्या खोल्या. बायको काउंटरवर फ्रेमा विकायची, हा आतल्या अंधाऱ्या खोलीत लोकांचे नंबर काढायचा. डोळ्यांपुढे एक काच सरकवायची, मग दुसरी, आणि विचारायचं, "हे बरं, की हे?" गिऱ्हाईक गोंधळलं तरी हा कंटाळायचा नाही. पुन्हा पहिली काच, पुन्हा दुसरी. "हे बरं, की हे?" ऐकून ऐकून माझे कान किटले.

आणि वाजवायचा काय, तर बेस! चार जाड तारा, सगळा खर्ज. डॉक्टर जिथे वीस सूर सांडायचा, तिथे हा एक ठेवायचा आणि तेवढ्यावर समाधानी. तारा इतक्या जुन्या की काळ्या पडल्या होत्या. बदल म्हटलं की म्हणायचा, "जुन्या तारांचा आवाज गोल असतो." गोल म्हणे! त्याची सगळ्यात जाड तार नेहमी केसभर उतरलेली असायची. मी लाल दाखवायचो, तो "हं हं" करायचा, जरासं पिळायचा आणि हिरवा पूर्ण लागायच्या आत पुन्हा पाय देऊन मला विझवायचा. माझा इतका सौम्य अपमान कुणी केला नव्हता.

बँडचा सराव डॉक्टरच्या दवाखान्यात सुट्टीच्या दिवशी चालायचा. रुग्णांच्या खुर्च्या भिंतीला सारलेल्या, वर हिरड्यांचं मोठं रंगीत चित्र, आणि त्याखाली गाण्यांवरून भांडणं. गायक घरं विकणारा दलाल होता. ज्या गाण्याच्या शेवटी लांबलचक ओरडायला मिळेल तेवढंच त्याला पसंत. घर दाखवताना जसा बाल्कनीत येऊन हात पसरून थांबत असेल, तसाच तो त्या वरच्या सुरावर थांबायचा. फरक इतकाच की बाल्कनी जागेवर असते, याचा सूर नसायचा. ड्रमवाला गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून ब्रेक दाबायची सवय लागलेली. कुठलंही गाणं दुसऱ्या कडव्यापर्यंत बैलगाडीवर यायचं.

चश्मेवाल्याने एवढ्या काळात एकच गाणं सुचवलं. संथ होतं, त्यात बेसशिवाय फारसं काही नव्हतं. गायक म्हणाला, "त्यात मी काय करू?" झालं, विषय संपला. हा लगेच गायकाच्या गाण्याला साथ द्यायला लागला. मला अशा माणसांची कीव येत नाही, चीड येते.

बायकोचं मत गायकापेक्षा वेगळं नव्हतं. "तुमचं ते घुमणं" असा ती त्याच्या वादनाचा उल्लेख करायची. खोलीतला एक कोपरा स्पीकरच्या पेटीने अडवला होता. ती त्या पेटीवर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या रचायची आणि म्हणायची, "कार्यक्रमात तरी ऐकू येतं का हो हे कुणाला? मला तर सगळं त्या डॉक्टरचंच ऐकू येतं." मी मनात म्हणायचो, बाई शहाणी आहे.

एकदा गायक दुकानात चश्म्याचा स्क्रू आवळून घ्यायला आला. मी पडद्याआड पिशवीत होतो, सगळं ऐकलं.

"मनाला लावून घेऊ नकोस हं," तो म्हणाला. "पण आता लॅपटॉपवर सगळं येतं. बेससुद्धा. तो सुट्टी मागत नाही, गाडीत जागा अडवत नाही."

"पण कार्यक्रमात माणूस असला की..."

"अरे, लोकांना ऐकू तरी येतं का तुझं? खरं सांग बरं."

चश्मेवाल्याने स्क्रू आवळला, काचा पुसल्या, चश्मा त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "बरं."

बरं! ज्याने हाकललं त्याचाच चश्मा पुसून दिला, वर पैसेही घेतले नाहीत. मी कपाळाला हात लावला असता, पण मला दोन्ही नाहीत.

जेवताना त्याने बायकोला सांगितलं. तिने त्याला आणखी एक पोळी वाढली. मग म्हणाली, "मग ठेवून काय करायचं? विकून टाका. त्या कोपऱ्यात माझं कपाट बसेल." दुकानात फ्रेमांची पार्सलं आणणाऱ्या कुरिअरवाल्याला गिटारचं वेड होतं. तिनेच त्याला विचारलं. तो सोमवारी येतो म्हणाला. चश्मेवाला त्यावरही "बरं" म्हणाला, पण त्या दिवशी त्याने एका गिऱ्हाइकाची डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली.

त्याआधीच्या रविवारी शेवटचा कार्यक्रम होता. बायकोच्या मावसबहिणीच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, हॉटेलचा हॉल, दुपारची वेळ. काम याच्याच ओळखीने मिळालेलं, म्हणून गायकाने तेवढ्यापुरता याला ठेवून घेतला होता. गायकाचा लॅपटॉप मात्र आत्तापासूनच खुर्चीवर येऊन बसला होता.

जेवणं झाली आणि सगळे नाचायला उतरले. बायको मावसबहिणीचा हात धरून मधोमध होती. ती याच्याकडे बघतही नव्हती. जलद गाणं रंगात आलं होतं आणि तेवढ्यात, गाण्याच्या ऐन मध्यात, चश्मेवाल्याने माझ्यावर पाय दिला.

मला वाटलं तार लावायची असेल. मी दिवे लावले. पण तो खाली बघतच नव्हता. बोटं तशीच चालू, आवाज मात्र बंद. त्याची नजर नाचणाऱ्या लोकांवर होती आणि ओठ पुटपुटत होते, "हे बरं, की हे?"

तेव्हा मला कळलं. हा जन्मभर लोकांचे डोळे तपासायचा, आज त्यांचे कान तपासत होता.

मी खूश झालो, खोटं कशाला सांगू. म्हटलं, आता याला एकदाचं कळेल. आणि झालंही तसंच. डॉक्टर डोळे मिटून तल्लीन. गायक त्याच्या बाल्कनीत. ड्रमवाल्याने एकदा मान वळवली, मग पुन्हा ब्रेकवर पाय ठेवला. लोक नाचतच होते. कुणाचं काही अडलं नाही. चश्मेवाल्याचा चेहरा मात्र हळूहळू असा उतरत गेला की माझ्या डावीकडच्या लाल दिव्यालाही तेवढं उतरणं दाखवता आलं नसतं.

आणि गर्दीत एक बाई थांबली.

घरातला फ्रिज अचानक बंद पडला की माणूस हातातलं काम टाकून कान देतो, तशी ती थांबली. मावसबहिणीचा हात सोडला. पायांकडे बघितलं, मग स्टेजकडे. आणि लोकांना कोपराने बाजूला सारत थेट आमच्यासमोर आली.

"अहो! बंद का केलंत?"

तो खाली वाकला. "काय?"

"तुमचं बंद आहे ना!"

"तुला कसं कळलं?"

"कळलं म्हणजे? पायच उचलेनात माझे. काहीतरी बिघडलं का? सुरू करा आधी, ताई खोळंबलीय."

"पण तू तर म्हणायचीस, ऐकू येत नाही..."

"ऐकू नाहीच येत. पण आहे की नाही ते कळतं ना!" ती त्याच्यावरच चिडून ओरडली आणि पुन्हा गर्दीत शिरली.

त्याने पाय उचलला, माझ्यावर पुन्हा ठेवला. आवाज सुरू झाला. पुढची दोन कडवी तो जे वाजवत होता ते मी माझ्या पोटातून जाताना मोजलं. जाड तार उतरलेली, एक सूर तर सरळ चुकला. आणि तो हसत होता, मान खाली घालून, एकटाच. अख्ख्या हॉलमध्ये त्याच्याइतका आनंदी माणूस नव्हता, आणि माझ्याइतका चडफडलेला कुणी नव्हता.

सोमवारी कुरिअरवाला मोठी रिकामी पिशवी घेऊन आला. बायको काउंटरवर होती.

"गिटार विकायची नाहीये," ती म्हणाली.

"अहो ताई, तुम्हीच तर बोलावलंत मला!"

"बोलावलं होतं. आता नाही म्हणतेय."

"कपाटाचं काय?" आतून चश्मेवाल्याने हळूच विचारलं.

"राहील बाहेर पॅसेजमध्ये. कपाटाला कुठे वाजवायचंय?"

कुरिअरवाला बिचारा हिरमुसला. बायकोला वाईट वाटलं असावं. ती आत आली, पिशवी उघडली आणि मला बाहेर काढलं.

"अहो, काल पायाने दाबलं म्हणालात ते हेच ना?"

"हो. ट्यूनर आहे तो. सूर बघायला."

"यानेच आवाज बंद होतो?"

"होतो, पण त्याचं काम..."

"मग हे घेऊन जा तुम्ही," तिने मला कुरिअरवाल्याच्या हातात ठेवलं. "असंच न्या, पैसे नकोत."

"अगं, मग मी सूर कसा लावू?"

"कानाने लावा. चुकला तर मी आहे सांगायला."

मी चश्मेवाल्याकडे बघत राहिलो. मला वाटलं, तो अडवेल. इतकी वर्षं त्याला खरं सांगितलं होतं, निदान त्याची तरी जाण ठेवेल. तो म्हणाला, "बरं." आणि या वेळी अगदी मनापासून म्हणाला.

आता मी कुरिअरवाल्याच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर असतो. एका बाजूला कंगवा, दुसऱ्या बाजूला दाढीचा ब्रश. त्याच्याकडे गिटार नाही. घेईन घेईन म्हणतो. तोवर शीळ घालतो, आणि ती इतकी बेसूर असते की वायर नसतानाही मला कळतं. कालच तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, "त्या चश्म्याच्या दुकानात गेलं ना, की आतून काहीतरी घुमत असतं. काउंटरवरच्या फ्रेमा थरथरतात. आणि त्या ताई मान डोलावत बिलं करतात."

ते ऐकलं आणि पहिल्यांदाच मला स्वतःची लाज वाटली. तो आवाज एवढी वर्षं माझ्या पोटातून जात होता. मी त्याचा सूर मोजला, तो केसभर उतरलाय म्हणून नाक मुरडलं. ऐकला मात्र एकदाही नाही.

डॉक्टर, दलाल आणि ब्रेकवाल्याबद्दल माझं मत बदललेलं नाही, गैरसमज नको. पण तुम्हाला एक विनंती आहे. कधी त्या दुकानात चश्मा करायला गेलात आणि आतून ते घुमणं ऐकू आलं, तर काउंटरवर हात ठेवून जरा वेळ थांबा. जाड तार उतरलेली असेल. नक्की असेल, मी पैजेवर सांगतो.

पण त्याला सांगू नका. वाजवू द्या.