वाटेच्या कडेची पिशवी

"काका, काकू कुठायत?" मीनलने विचारलं, आणि कमळाकरांच्या हातातला चहाचा कप तोंडापर्यंत गेलाच नाही.

चंदेरी गडाच्या पायथ्याला झाडाखाली मंडळी टेकली होती. बदलापूरचा हा दर रविवारी डोंगर चालणारा गट. सगळ्यात पुढे महिपती, वाट दाखवायला. सगळ्यात मागे कमळाकर. अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून शेवटचा माणूस म्हणजे तेच. कुणाला मागे राहू द्यायचं नाही, एवढंच काय ते काम.

"पुढे असेल की तुमच्यात," ते म्हणाले.

"नाही ना! आम्हाला वाटलं तुमच्यासोबत येतायत. त्यांची पिशवी तर तुमच्याच खांद्याला आहे."

कमळाकरांनी खांद्याकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला.

गटात एक रीत होती, बायकांनी पाडलेली. आडोशाला जायचं तर पिशवी वाटेच्या कडेला ठेवायची. बोलायला नको, लाजायला नको. पिशवी दिसली की शेवटच्या माणसाने पाठ फिरवून मुकाट उभं राहायचं. कमळाकर वर्षानुवर्षं असे उभे राहिले होते. पण आज कारवीच्या जाळीपाशी बायकोची, अंजनाची पिशवी दिसली, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. विसरली पुन्हा! दुधाखालचा गॅस विसरते, चष्मा फ्रीजमध्ये ठेवते, परवा तर शेजाऱ्यांचं दार आपलं समजून ठोठावत बसली. पिशवी उचलली आणि चालू लागले.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं. कमळाकरांनी ते कुणाच्या कानावर घातलं नव्हतं. कळलं तर तिला डोंगरावर कोण येऊ देणार? आणि डोंगरावर तर ती अजून पहिल्यासारखी असायची. चढ आला की ओढणी कमरेला बांधायची आणि नवऱ्याला म्हणायची, "या हळूहळू, म्हातारबुवा!" ते ऐकायला तर ते सगळा आठवडा ढकलायचे.

"घाबरू नका काका, फाट्यावर चुकल्या असतील," महिपती म्हणाला. "येतील बरोबर. वाट पाठ आहे त्यांना."

"नाही रे बाबा. तिला आता काही आठवत नाही." तोंडातून निघूनच गेलं. मग थांबता येईना. दवाखाना, गोळ्या, शेजाऱ्यांचं दार, सगळं बाहेर पडलं.

महिपती उठून उभा राहिला.

"काय काका तुम्ही पण!" महिपती म्हणाला. "आधी बोलायचं ना! अशा पेशंटला डोंगरावर आणतं का कोणी? काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

त्याचं काय चुकलं? कमळाकर आल्या वाटेने परत निघालेसुद्धा, बाकीचे त्यांच्या मागोमाग. ऊन माथ्यावर आलं होतं. उजवीकडे खोल ओढा. त्या ओढ्यात वाकून बघायचं आणि नको ते दिसलं नाही की पुढे जायचं, असं चाललं होतं. देवा, एकदा सापडू दे, मग काय हवं ते ने.

अंजना जाळीपाशीच बसली होती. तोंड लालबुंद, ओठ सुकलेले.

"कुठे होता हो? हाका मारून घसा बसला माझा!" ती कडाडली. "आणि माझी पिशवी कोणी नेली? इथेच ठेवली होती मी. बाहेर येऊन बघते तर पिशवी नाही, माणसं नाहीत! म्हटलं, आता इथून हलायचं नाही."

महिपतीने मीनलकडे पाहिलं. मीनल खाली बसली आणि लहान मुलीशी बोलावं तसं म्हणाली, "काकू, पिशवी काकांकडेच होती. तुम्हीच दिली असेल ना त्यांना? आठवा बघू."

अंजनाने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळे कसे गोड गोड हसत होते. तिचा राग बघता बघता विरला.

"दिली असेल मग," ती म्हणाली. "मला वाटलं ठेवली. हल्ली माझं काही खरं नाही."

"जाऊ दे काकू. पुढच्या रविवारी घरी मस्त आराम करा," महिपती म्हणाला.

कमळाकर गप्प राहिले असते तरी चाललं असतं. कोणी त्यांना विचारत नव्हतं, उलट आता सगळ्यांना त्यांचीच दया येत होती. अंजना मान खाली घालून गवताची काडी मोडत होती. ते त्यांना बघवेना.

"ठेवली होतीस तू," ते पुटपुटले. "इथेच. मी उचलली."

"का?"

"वाटलं, विसरलीस."

अंजना त्यांच्याकडे बघत राहिली. डोळे भरून आले, पण तिने ते पुसले नाहीत.

"मोठ्यांदा सांगा," ती म्हणाली. "ह्यांना ऐकू जाऊ दे."

कमळाकर महिपतीकडे वळले. "हिने पिशवी ठेवली होती. हिचं काही चुकलं नाही. मी थांबलो नाही."

मीनलने मान खाली घातली. अंजना उठली. पिशवी त्यांच्या खांद्यावरून काढून तिने आपल्या खांद्याला लावली, आणि मग प्यायला पाणी मागितलं.