भट्टीशेजारचा धूर

आमच्या आतोबांनी उभ्या जन्मात इकडची काडी तिकडे केली नाही. म्हणूनच गावातल्या प्रत्येक जुन्या फोटोत ते काम करताना दिसतात.

त्याचं असं झालं. माझे वडील गावचे फोटोग्राफर आणि त्यांचा कॅमेरा त्या काळीही म्हातारा. त्याच्यापुढं डोळा लागेपर्यंत निश्चल थांबावं लागे. हललेला माणूस फोटोत नुसता धूर होऊन उमटायचा. लोहारानं हातोडा उचलला, धूर. न्हाव्यानं वस्तरा चालवला, धूर. न हलणारा माणूस गावात एकच, वडिलांचा मेहुणा. मग वडील त्यांच्याच हाती हातोडा नाहीतर वस्तरा देत आणि खऱ्या कारागिराला म्हणत, "तुम्ही बाजूला चालू द्या तुमचं."

परवा वाचनालयात त्या फोटोंचं प्रदर्शन भरलं, 'आपले कष्टाळू पूर्वज'. लोहाराची नात म्हणाली, "हे आमचे आजोबा. खांदे बघा."

"खांदे कसले, बोटं बघा," न्हाव्याचा नातू म्हणाला. "आमचेच."

सुताराच्या सुनेला नाकावरून ओळख पटली. तिच्या धाकट्याचं नाक थेट तसंच होतं. आत्यानं आतोबांकडं एकदा बघितलं. ते दाराशी खुर्चीत बसून सगळ्यांचं कौतुक ऐकत होते. म्हातारपणानं चेहरा इतका ओघळला होता की कुणी ओळखलं नाही.

आत्या आली होती एका फोटोसाठी. तिनं बेकरी चालवून नवऱ्यासकट अख्खं घर पोसलं. त्या भट्टीपाशी तिचा एकच फोटो निघाला होता आणि वडिलांनी तो तिला कधी दाखवला नव्हता. का, ते आता कळलं. फोटोत आतोबा पावाचं फावडं धरून उभे, शेजारी पांढरा ढग. खाली पाटी: 'बेकरीवाले आणि भट्टीचा धूर'.

"तो धूर मी आहे," आत्या म्हणाली.

"आजी, पुराव्याशिवाय कसं लिहिणार?" वाचनालयाच्या बाई म्हणाल्या.

"पुरावा दाराशी बसलाय. अहो, सांगा यांना."

आतोबांनी भिंतीवरच्या आपल्या कीर्तीकडं एकवार डोळे भरून पाहिलं. मग ते उठले. ही बातमीच होती.

"धूर हीच," ते म्हणाले. "मी नुसता उभा होतो. सगळीकडंच."

मग लोहाराची नात फोटोला नाक लावून म्हणाली, "म्हणजे ऐरणीपाशी हा ढग आमचा. केवढा दांडगा."

"आमचा जास्त दाट आहे," न्हाव्याचा नातू म्हणाला. "तुमचा कडेला विरळ होतोय बघा."

सुताराची सून धाकट्याला घेऊन घाईनं घरी गेली.

आत्यानं बाईंच्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतःच नवी पाटी लिहिली: 'बेकरीवाली. शेजारी नवरा.'

आतोबांनी ती दोनदा वाचली. "नवरा काय करतोय ते राहिलं."

"फोटोत दिसतंय की," आत्या म्हणाली.