सातशे ग्रॅम

"परत एकदा घ्या," अधिकारी म्हणाले.

धर्मेशने गाडी मागे ढकलली आणि पुन्हा वजनकाट्यावर चढवली. उन्नती हेल्मेटसकट परत आत बसली. शर्यत संपून वीस मिनिटे झाली होती. ती पहिली आली होती. हंगामातली ही शेवटची शर्यत, त्यामुळे अजिंक्यपदही तिचेच होते. फक्त वजन करणे तेवढे राहिले होते. गाडी आणि चालक मिळून ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी भरले तर निकाल रद्द.

काट्यावर दुसऱ्यांदाही तोच आकडा आला. सातशे ग्रॅम कमी.

अधिकाऱ्यांनी कागद भरला आणि पेन तिच्यापुढे धरले. तिने हातमोजा काढून सही केली. उन्नती पंढरी तामोरे, वय एकवीस, राहणार दांडी, जिल्हा पालघर.

दांडीतून या खेळात आलेली ती एकटीच. आई शकू बोईसर रस्त्यावरच्या एका रिसॉर्टला मासळी द्यायची. रिसॉर्टच्या मागे कार्टिंगचा छोटा ट्रॅक होता. पाटी रिकामी होऊन हिशेब होईपर्यंत नऊ वर्षांची उन्नती टायरांच्या भिंतीवर बसून राहायची. ट्रॅक सांभाळणाऱ्या बळवंतने एकदा गंमत म्हणून तिला कार्टमध्ये बसवले. पाय पुरेनात म्हणून पाठीमागे दोन उश्या ठेवल्या. चौथ्या फेरीला त्याने घड्याळ काढले आणि शकूला हाक मारली, "वहिनी, हिला उद्या पण आना."

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना असलेल्या निमेशशेठनी तिला तिथेच पाहिले. चौदाव्या वर्षी ती राज्यात पहिली आली, सतराव्या वर्षी त्यांच्या संघाच्या मोठ्या गाडीत बसली. त्याच वर्षी शकू गेली. यंदा शेठनी सांगून ठेवले होते, अजिंक्यपद आण, पुढच्या वर्षी परदेशातल्या मालिकेत गाडी तुझी.

गाडी गॅरेजमध्ये आणल्यावर धर्मेश खाली वाकून सीटखालचे शिसे तपासू लागला. चालक हलका असेल तर तिथे शिशाच्या पट्ट्या बसवून वजन भरून काढतात. तो शेठच्याच कारखान्यातला फिटर. चार वर्षे तिची गाडी तोच सांभाळत होता.

"सगल्या पट्ट्या जागेवर हायत," तो म्हणाला. "तू बावन्न सांगितलंवतंस ना गं?"

"हो."

"कधी केलंवतंस वजन?"

 बावन्न हा गेल्या महिन्याचा आकडा होता.

मागच्या सोमवारी वडिलांची बोट समुद्रात गेली होती. घरचे माणूस पाण्यावर असेपर्यंत एकच वेळ जेवायचे, ही शकूची रीत. कुठल्या देवाचा नवस नव्हता, गावातल्या सगळ्या घरांत ती पाळली जायची असेही नाही. शकू गेल्यावर उन्नतीने ती कुणाला न सांगता उचलली. एरवी बोट दोन-तीन दिवसांत परत यायची. या वेळी मासळी लांब गेली होती, आज सातव्या दिवशीही बोट बाहेरच होती. इथे चेन्नईत हॉटेलच्या जेवणघरात सगळे रात्री एकत्र बसायचे, तेव्हा ती भूक नाही म्हणून खोलीत जायची. उकाड्यात शर्यतीच्या अर्ध्या तासाने अंगातले उरलेसुरले पाणीही ओढून नेले. शनिवारच्या पात्रता फेरीनंतर काट्यावर तिची गाडी बोलावलीच गेली नव्हती.

निमेशशेठ आले. त्यांनी धर्मेशकडेच पाहिले.

"सातशे ग्रॅम. एक पट्टी. चार वर्षं काम करून एक पट्टी जास्त टाकायची अक्कल नाही आली? उद्यापासून कारखान्यात पण दिसू नकोस."

धर्मेश हातातल्या फडक्याच्या घड्या घालत उभा राहिला.

"शिसं बरोबर होतं, शेठ," उन्नती म्हणाली. "माझं वजन उतरलं. मी रात्रीची जेवत नव्हते."

"आजारी होतीस? पोट बिघडलं होतं? बघ, डॉक्टरचा कागद मिळतो. निकाल गेला तो गेला, पण आजारी होती म्हटलं तर पुढच्या वर्षाचं मला तिकडे बोलता येईल."

"आजारी नव्हते."

"मग काय, डाएट?"

तिला वाटले, सांगावे. पण शेठच्या मागे संघाची चार माणसे उभी होती, दोघांच्या हातात मोबाइल होते.

"असंच," ती म्हणाली.

 "आपलं वजन ज्याला सांभाळता येत नाही त्याला मी परदेशात कसा पाठवू?" असे म्हणून शेठ निघून गेले. धर्मेशचे काम वाचले. तो तिच्याशी बोलायला वळला, पण ती हेल्मेट पिशवीत घालत होती.

मंगळवारी ती दांडीला पोचली. बुधवारी दुपारी बोट लागली. पंढरी गुडघाभर पाण्यातून हसतच वर आला.

"रेंज आली तशी मोबाइलवर बगितला आमी! तू पयली! खलाशी सगले ओरडले. जिवल्या तर नाचला बोटीवर, पडला असता मेला!"

"निकाल रद्द झाला, बाबा. वजन कमी भरला."

"गाडीचा?"

"माझा."

पंढरीचे हसू गेले. त्याने तिच्या मनगटाकडे पाहिले, मग चेहऱ्याकडे.

"किती दिस?"

"तुमी गेल्यापासून."

 मासळी उतरवून झाली, लिलाव झाला, जाळी वाळूवर पसरून झाली. संध्याकाळी ओट्यावर बसल्यावर तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "तुजी आय जेवायची नाय तवा मला वाटायचा, तिला भूकच कमी हाय."

संघाकडून कुणाचा फोन आला नाही. शेठनी गाडी दुसऱ्याच एका चालकाला दिल्याचे तिला इतरांसारखेच मोबाइलवर कळले.

शनिवारी सकाळी बोटी पुन्हा निघायच्या होत्या. बर्फ भरून झाला, डिझेल चढले. भरती उतरायच्या आत खाडीतून बाहेर पडावे लागते. पंढरी तयार होऊन स्वयंपाकघरात आला आणि उन्नतीसमोर मांडी घालून बसला. तिचे ताट त्यानेच वाढले होते. भात, बोंबलाचे कालवण, दोन भाकऱ्या.

"बाबा, तुमी जा. मी जेवते."

"जेव."

बाहेरून जिवल्याने हाक मारली, "नाखवा, चला! पाणी उतराया लागला!"

पंढरी उठला नाही. एकेक इंजिन सुरू झाल्याचे आवाज आले, लांब गेले. उन्नती घास मोडत होती. जिवल्याने आणखी दोनदा हाक मारली आणि मग तोही थांबला.

उघड्या दारातून खाडीचे तोंड दिसत होते. बाकीच्या बोटी तिथवर पोचल्या होत्या. पंढरीने टोप पुढे ओढला आणि तिच्या ताटात आणखी भात वाढला.