शेवटची ओळ

त्या वर्षी मालमोटारींचा संप होता. शिरपूरजवळच्या आमच्या केळी संस्थेला मोठ्या मिनतवारीने दिल्लीची एकच गाडी मिळाली, आणि कापणीला आलेल्या बागा होत्या सहा जणांच्या. त्यांत माझीही होती. गाडीत एकाच बागेचा माल मावणार. बाकीच्यांचे घड झाडावरच पिकून वाया जाणार. अध्यक्ष या नात्याने मी निर्णय दिला की, निवड संस्थेच्या नव्या संगणकाने करावी, म्हणजे कोणाचा हात लागला असे म्हणायला जागा राहणार नाही.

माझा पुतण्या पंडित धुळ्याला संगणक शिकलेला. त्याने सहा नावे एकाखाली एक लिहिली आणि त्यांतली कोणतीही एक ओळ उचलणारी छोटीशी शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची यादी, तयार केली. माझे नाव मी शेवटी लिहायला लावले. पंगतीला घरच्या माणसाने शेवटी बसावे, ही आमच्या घराची शिस्त.

सर्वांसमक्ष पंडितने कळ दाबली. पडद्यावर माझेच नाव उमटले: यशोदाबाई.

मी त्याला पुन्हा कळ दाबायला सांगितले. पुन्हा मीच. तिसऱ्यांदाही मीच.

सहा जणांतल्या हिलालभाऊंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "अक्का, मशीनले तुमनं एकच नाव शिकाडेल शे का?"

यंत्राला मीच माझे नाव शिकवले, असे सुचवणाऱ्या स्वरात माझ्याशी आजवर कोणी बोलले नव्हते. यादीतलाच रुपचंद तर दाराकडे निघालाच होता. मी त्याला बसायला सांगितले आणि पंडितकडे वळले. स्क्रिप्ट दोनदा वाचून त्याने कबूल केले की, आकडा काढताना घड्याळाची वेळ धरून सुरुवात कर, ही एक आज्ञा लिहायची राहिली. त्यामुळे यंत्र दर वेळी एकाच ठिकाणाहून सुरुवात करी, तोच आकडा काढी आणि सहा नावांत तो शेवटच्या ओळीवर पडे.

त्याने दुरुस्ती केली. चाचणीत आधी चिंधा आला, मग रुपचंद.

"आता चूक उरली नाही, काकू. खरी निवड करू?"

"आधी माझी ओळ पुसून टाक."

"त्याची गरज नाही. आता सर्वांना सारखीच संधी आहे."

"तुझ्या यंत्राला गरज नसेल. मला आहे."

त्याने ओळ पुसली आणि कळ दाबली. हिलालभाऊंचे नाव आले. त्यांनी टोपी डोक्यावर चढवली, पण उठले नाहीत. माझ्याकडे पाहत राहिले.

"गाडीत अंथरायला पाला माझ्या बागेतून न्या," मी म्हणाले. "गडी पाठवते. आणि घड उन्हात ठेवू नका."